धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार?



पाळणाघर हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय घरांतून दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक नाक मुरडण्याचा : आजी-आजोबा असताना लेकरू परक्याच्या दारात कशाला ठेवायचे? दुसरा सुस्काऱ्याचा : आजी गावी आणि नोकरी शहरात, मग दुसरे करणार तरी काय? हे दोन्ही उद्गार शहरातल्या चौकोनी कुटुंबाचे आहेत. सदाशिव पेठेतले, दादरचे, डोंबिवलीचे. बँकांत, विमा कंपन्यांत, टेलिफोन खात्यात स्त्रिया नोकरीला जाऊ लागल्या आणि शेजारच्या एखाद्या काकूंनी आपल्या दोन खोल्यांत सहा-आठ मुले सांभाळायला घेतली, ही त्या पाळणाघराची जन्मकथा. त्या काकूंचे ऋण दोन पिढ्यांवर आहे आणि ते कुठेच नोंदलेले नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. परंतु ज्या ठिकाणी या व्यवस्थेची निकड सर्वाधिक आहे, तिथून तिची मागणी कधी ऐकू येत नाही. म्हणून या विषयाचा आरंभ पुण्याच्या पेठांतून न करता पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या कोळवणच्या खोऱ्यातून केलेला बरा.

पौड सोडून आत वळले की कोळवणचे खोरे लागते. वाळकी नदीच्या दोन्ही तीरांवर भाताची खाचरे, वर सह्याद्रीच्या रांगा, उत्तरेकडे तिकोन्याचा त्रिकोणी माथा. चिन्मय मिशनच्या ‘चिन्मय विभूती’ या केंद्रामुळे कोळवणचे नाव देशभरातल्या साधकांना परिचित झाले. हाडशीच्या मंदिराकडे जाणारी वाहनेही याच रस्त्याने जातात. पावसाळ्यात हिरवे खोरे पाहून शहरातला माणूस हरखून जातो. मात्र त्याच हिरव्या खाचरात, आषाढाच्या सरींत, गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईचे सहा-आठ महिन्यांचे मूल त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न त्या प्रवाशाच्या मनात सहसा येत नाही.

ते मूल बांधावर असते. झाडाला साडीची झोळी बांधलेली असते, वर एखादे इरले किंवा प्लास्टिकचा कागद पसरलेला असतो आणि झोळीच्या दोरीशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली असते. ती त्या बाळाची ताई. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि लावणी जुलैत ऐन भरात येते. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे केवळ ‘गैरहजर’ अशी नोंद होते. ती गैरहजर का, हे त्या रकान्यात लिहिण्याची सोय नाही. पुढे कापणीला, झोडणीला पुन्हा तेच. एक-दोन वर्षे असे गेले की अभ्यास मागे पडतो आणि मग ‘तिला अभ्यासात गोडी नाही’ असा निष्कर्ष सगळे मिळून काढतात. पाळणाघर नसण्याची किंमत आई देते, हे अर्धे सत्य आहे. ती किंमत सर्वांत आधी थोरली बहीण चुकती करते.

खेड्यात एकत्र कुटुंब आहे, आजी आहे, मग पाळणाघराचे प्रयोजन काय, असा प्रश्न सद्हेतूनेच विचारला जातो. त्याचे उत्तर आजीच्या वयात आहे. खेड्यातली आजी बहुधा पंचेचाळीस-पन्नास वर्षांची असते आणि लावणीच्या दिवसांत ती सुनेच्या शेजारीच रांगेत वाकलेली असते. तिच्या हाताचा वेग सुनेपेक्षा जास्त असतो. घरात बसून नातवंड सांभाळण्याची चैन तिला परवडत नाही. घरात खरोखर उरते ती पणजी. दिसत कमी, ऐकू येत कमी आणि रांगत्या मुलामागे धावण्याचे बळ पायांत नाही. तिच्या मांडीवर बाळ झोपेल, पण ते उठून पाण्याच्या पिंपाकडे निघाले तर तिला ते कळेलच असे नाही.

शिवाय आता प्रश्न केवळ शेताचा उरलेला नाही. मुळशी तालुक्याचा पूर्वभाग गेल्या तीन-चार दशकांत पार बदलून गेला. पिरंगुट, घोटवडे फाटा, उरवडे या पट्ट्यात लहान-मोठे कारखाने उभे राहिले. खोऱ्यांतल्या बायका सकाळी गाडी पकडून तिकडे कामाला जातात. पॅकिंग, जुळणी, साफसफाई अशी ही कामे. कोणी हॉटेलांत आणि शेतघरांत जाते. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्याला भीषण आग लागली आणि सतरा कामगार प्राणास मुकले. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. त्या दिवसापूर्वी पुण्यातल्या किती सुशिक्षित घरांना ठाऊक होते की आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर इतक्या बायका रोज अशा कामाला जातात? त्या आपल्या लेकरांना कोणाच्या हवाली करून निघतात, हा तर त्याच्याही पुढचा प्रश्न. शेतावर निदान झोळी बांधता येते. कारखान्याच्या दारात तीही बांधता येत नाही.

मग अंगणवाडी कशासाठी आहे, असे कोणी म्हणेल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या तेहतीस प्रकल्पांतून सुरू झाली आणि तिने असंख्य मुलांना पोषण, लसीकरण आणि शाळेची पहिली ओळख दिली, याविषयी दुमत नाही. पण अंगणवाडीत बसायला जाते ते तीन वर्षांचे मूल, तेही दिवसातले काही तासच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी आहार घरी दिला जातो, वजन घेतले जाते, लस टोचली जाते. त्याला दिवसभर सांभाळणारे तिथे कोणी नसते. एकट्या सेविकेने वजनाचे तक्ते भरावेत, आहार वाटावा, मोठ्यांना गाणी शिकवावीत आणि शिवाय चार रांगती मुलेही धरावीत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे हा मुलाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक कालखंड व्यवस्थेच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत पडतो.

ही फट महाराष्ट्रात सर्वप्रथम ज्यांनी ओळखली आणि बुजवून दाखवली, त्या दोन स्त्रियांची कथा इथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ताराबाई मोडक यांचे नाव बालशिक्षणाच्या संदर्भात सर्वांना ठाऊक असते. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्यात मोठा वाटा उचलला. त्या पद्धतीचा लाभ शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांनाच होतो, हे शल्य त्यांना बोचत राहिले. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षण पुरे केले होते, शिक्षिका झाल्या होत्या, आणि बोर्डीनंतरचे सारे आयुष्य त्यांनी याच कामाला वाहिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, साधने मांडली आणि वाट पाहिली. गरीब वस्तीतली मुले आलीच नाहीत. येणार कशी? आई पहाटे कामाला जाते, मुलाला आंघोळ घालून, कपडे करून, हात धरून आणणार कोण? तेव्हा या दोघींनी विचार उलटा केला. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. वस्तीतल्या एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, तिथेच मुले गोळा करायची, तिथेच नखे कापायची, तोंडे धुवायची, गाणी म्हणायची. ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला तो असा. १९७५ साली शासनाने देशव्यापी योजनेसाठी तो उचलला आणि आज भारतभर तो उच्चारला जातो. त्याचे माहेर बोर्डीचे अंगण आहे, हे कित्येकांच्या गावीही नसते.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे एक नवे कोडे उभे राहिले. प्राथमिक शाळेच्या वयाची मुले शाळेत टिकेनात. मुलगे गुरांमागे कुरणात जात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी थांबत. कोळवणच्या बांधावर जी ताई दिसते, तीच कोसबादच्या पाड्यावर होती. गुराख्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली : गुरे चरत असताना शाळा तिथेच भरायची. आणि मुलींसाठी? ‘भावंडाला घरी ठेवून शाळेत ये’ असा उपदेश त्यांनी केला नाही. भावंडाला घेऊन ये, असे सांगितले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्या योजनेला ‘विकासवाडी’ असे नाव दिले. बहिणीने कडेवरचे बाळ पाळणाघरात ठेवायचे, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः शाळेत जाऊन बसायचे. मधल्या सुट्टीत धाकट्याला डोळ्यांनी पाहून यायचे. बाळही शांत, बहीणही शांत.

या रचनेत एक फार खोल गोष्ट आहे. कौटुंबिक नाते तोडून मुलाला ‘संस्थेत’ घालणे हा तिथे हेतूच नव्हता. भावंडांचे नाते, पाड्याची बोली, ओळखीचे चेहरे हे सारे तसेच राहिले. केवळ नऊ वर्षांच्या मुलीच्या कमरेवरचे ओझे मोठ्या माणसाने उचलले. पाळणाघराने कुटुंब मोडते, असे म्हणणाऱ्यांनी विकासवाडीचा अभ्यास करावा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. सत्कार पुष्कळ झाले, पण महाराष्ट्राने विकासवाडीतली बालवाडी घेतली, शाळा घेतली आणि पाळणाघर मात्र कोसबादच्या टेकडीवरच राहू दिले.

देशात दुसरीकडेही याच जाणिवेतून काम उभे राहिले. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. विटा वाहणाऱ्या मजूर स्त्रियांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर मांडले. ‘मोबाईल क्रेशेस’ या नावाने ते काम मुंबईत आणि १९८० पासून पुण्यातही आले. इमारत पुरी झाली की मजूर हलतात, त्यांच्याबरोबर पाळणाघरही हलते. शहराच्या बांधकामांवर हे होऊ शकते, तर स्थिर वस्तीच्या खोऱ्यात ते अशक्य का मानावे?

आता संस्काराचा आणि परंपरेचा मुद्दा. मुलाला जन्मदात्या आईखेरीज दुसऱ्या स्त्रीने सांभाळणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली टूम आहे, असा एक समज रूढ आहे. देवकीचा पुत्र यशोदेच्या अंगणात वाढला, ही गोष्ट ज्या समाजात घरोघर सांगितली जाते, त्या समाजात असा समज असावा याचे नवल वाटते. पुराणकथा बाजूला ठेवली तरी इतिहास समोर आहे. शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. आई सईबाई आजारी. अंगावर दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळची धाराऊ गाडे ही दूधआई म्हणून पुढे आली आणि तिने त्या बाळाला आपल्या दुधावर वाढवले. सईबाई १६५९ साली निवर्तल्या. जिजाऊसाहेबांसारखी आजी घरात होती, तरीही धाराऊची गरज होतीच. शिवाय धाराऊच्या कुटुंबाचा सन्मान राखला गेला, तिच्या मुलांना सेवेत घेतले गेले. लेकरू सांभाळणारीला ‘कामवाली’ म्हणून दाराबाहेर न ठेवता आईच्या बरोबरीने मान देण्याची ही रीत याच मावळ मुलखातली आहे. ती विसरली गेली असेल तर दोष परंपरेचा नव्हे.

मात्र यावरून कोणतेही पाळणाघर चांगलेच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तीन वर्षांखालच्या मुलाला लागते ती ठरलेली मांडी. रडल्यावर कोण उचलेल, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. रोज नवी बाई, एका हॉलमध्ये तीस मुले, भिंतीवर रंगीत हत्ती आणि दूरचित्रवाणी संच, याला पाळणाघर म्हणू नये; तो सामान ठेवण्याचा फलाट झाला. हंगेरीच्या बुडापेस्ट नगरात एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ साली महायुद्धात निराधार झालेल्या बालकांसाठी एक गृह चालवायला घेतले. त्यांचा भर खेळण्यांवर नव्हता. बाळाला आंघोळ घालणे, लंगोट बदलणे, भरवणे ही नित्याची कामे घाईने न उरकता, त्याच्या डोळ्यांत पाहून, त्याच्याशी बोलत करावीत आणि शक्यतो ठरलेल्या बाईनेच करावीत, हा त्यांचा आग्रह होता. मराठी घरातली आजी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना अखंड बोलत असते, ती नेमके हेच करते. उलट बाजूचे उदाहरण इस्राएलच्या किबुत्झांचे. तिथे अत्यंत ध्येयवादी लोकांनी मुलांना रात्रीही सामुदायिक बालगृहात झोपवण्याची प्रथा पाडली. मुलांच्या संगोपनात पैशाची वा निष्ठेची उणीव नव्हती. तरी आयाच अस्वस्थ होऊ लागल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती प्रथा संपली. मुले रात्री आपापल्या घरी आली. दिवसाचा आधार आणि रात्रीची कूस यांतला भेद ज्याला कळला, त्याला पाळणाघराची मर्यादाही कळली.

कोळवणसारख्या गावात म्हणून घरगुती पाळणाघरच शोभते. वाडीतलेच एक घर, वाडीतलीच एक बाई आणि पाच-सहा मुले. आईला जाता-येता दिसेल इतके जवळ. त्यासाठी इमारत निधीची पावती पुस्तके छापण्याची गरज नाही. गरज आहे ती बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देण्याची, आणि त्या इथे सांगितल्याच पाहिजेत, कारण उत्साही कार्यकर्ते उद्घाटनाचा नारळ आणतात आणि या गोष्टी विसरतात.

घराला उंबरा असतो, पण रांगत्या मुलाला तो अडवत नाही. दाराला कमरेइतकी आडफळी हवी. पाण्याचे पिंप, बादली, टाकी झाकलेली हवी, कारण वर्षाचे मूल अर्धी बादली पाण्यातही बुडू शकते. चुलीचा धूर ज्या खोलीत साठतो तिथे मुले झोपवू नयेत. भाताच्या कणग्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे साप येतात, तेव्हा निजण्याची जागा उघडी, झाडलेली, उजेडाची असावी. शेंगदाणे, फुटाणे, मणी, बटणे हाताशी नसावीत. कीटकनाशकाची बाटली तर त्या घरात अजिबात नको. मुळशीच्या पावसात लंगोट आठ-आठ दिवस वाळत नाहीत; म्हणून प्रत्येक मुलामागे लंगोटांचे जादा ताग आणि शेगडीपासून दूर बांधलेली दोरी या ‘प्रकल्पातल्या’ मुख्य वस्तू होत. झोळी चालेल, पण दोरी रोज सकाळी तपासलेली असावी आणि तान्हे बाळ पाठीवर निजवलेले असावे.

खाण्याचे तर खोऱ्यातच सारे पिकते. मऊ भात, वरण, वर थोडे तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा. सहा महिने पुरे होईपर्यंत मात्र आईचेच दूध. ते काढून स्वच्छ, उकळलेल्या भांड्यात झाकून ठेवले तर साध्या हवेत चार तासांपर्यंत चालते, ही गोष्ट कित्येक सुशिक्षित आयांनाही माहीत नसते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हेही आज वैद्यकशास्त्र निक्षून सांगते, आजीची समजूत काढावी लागली तरी.

आणि रुळण्याचा काळ. पहिल्या दिवशी मूल ठेवून आईने मागच्या दाराने पळून जाणे ही सर्वांत वाईट रीत. आठवडाभर आईने बाळाबरोबर तिथे बसावे. पहिल्या दिवशी तास, मग दोन तास, मग थोडे बाहेर जाऊन परत यावे. ‘आई जाते आणि आई परत येते’ हे बाळाला शब्दांनी समजत नाही, अनुभवाने समजते. लावणी सुरू झाल्यावर पाळणाघर उघडले तर हा आठवडा मिळतच नाही.

सुरक्षिततेची काळजी प्रत्येक आईच्या मनात असते आणि ती रास्त आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि घराघरांत धसका बसला. त्यानंतर कॅमेरे लावण्याची मागणी जोरात झाली. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. थकलेल्या, एकट्या पडलेल्या, कमी पगारावर राबणाऱ्या बाईचा हात उठण्यापूर्वी जे अडवायचे असते, ते कॅमेऱ्याला साधत नाही. त्यासाठी दोन बाया एकत्र हव्यात, मुले मोजकी हवीत आणि दार दिवसभर उघडे हवे. कोणत्याही आईने, आजीने, ग्रामपंचायतीच्या सदस्येने न सांगता आत यावे. वाडीतल्या घराला हे जमते, शहरातल्या बंद सदनिकेला जमत नाही. खेड्याचे हे बलस्थान आहे.

आता पैशाचा प्रश्न. तो शेवटी ढकलण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण खरी गाठ तिथेच आहे.

हिशेब साधा आहे. सहा मुले सांभाळणाऱ्या बाईला शेतमजुरीइतकाच रोज द्यायचा ठरवला, तर प्रत्येक आईला आपल्या रोजाचा सहावा हिस्सा द्यावा लागेल. दुसरी बाई हवीच, असे वर सांगितले; तिला तेवढाच रोज दिला, तर प्रत्येकीचा वाटा एक-तृतीयांश होतो. जागा, इंधन, दूध, तूप अजून धरलेले नाही. मजुरीचा तिसरा हिस्सा पाळणाघराला देणे कोणत्याही मजूर आईला परवडणारे नाही. त्यामुळे घडते असे की ती नऊ वर्षांच्या मुलीला घरी ठेवते, कारण तिचा रोज शून्य असतो. किंवा एखादी सत्प्रवृत्त संस्था पाळणाघर काढते आणि सांभाळणाऱ्या बाईला ‘ही सेवा आहे’ असे सांगून नाममात्र मानधनावर ठेवते. म्हणजे एका गरीब बाईची अडचण दुसऱ्या गरीब बाईच्या पदरात टाकून समाज मोकळा होतो. सेवा ज्याने करायची त्याने स्वतःच्या वेळेची आणि पैशाची करावी. दुसऱ्याच्या मजुरीची सेवा करता येत नाही.

शासनाचेही यात फारसे निराळे नाही. नोकरदार व मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरांची पहिली केंद्रीय योजना १९७५ साली आली. २००६ साली तिला राजीव गांधी राष्ट्रीय योजनेचे रूप मिळाले. २०१७ साली तिची राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, असे त्या योजनेचे प्रमाण होते, आणि सेविकेला महिन्याचे मानधन ३,००० रुपये, मदतनिसाला १,५००. एवढ्यात दोन बायांनी पंचवीस मुलांना मांडी द्यायची! २०२२ पासून ‘मिशन शक्ती’च्या अंतर्गत ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा मार्ग खुला झाला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. कोसबादचा विचार पन्नास-साठ वर्षांनी का होईना, दिल्लीत पोहोचला असे म्हणता येईल.

कारखान्यांपुरता कायदा पूर्वीपासून आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ती मर्यादा तीसवर आणली गेली. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेने सव्वीस आठवड्यांची रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. पिरंगुट पट्ट्यातल्या ज्या लहान कारखान्यात वीस-पंचवीस माणसे काम करतात, तो या आकड्याखाली राहतो. एकेकट्याला ते जमणार नाही हे मान्य. परंतु एका रस्त्यावरचे पाच-सहा उद्योजक मिळून आपल्या कामगार स्त्रियांच्या वाड्यांतली दोन-तीन घरे चालवू शकतात. वर्षाला एखाद्या स्नेहसंमेलनावर होणाऱ्या खर्चात हे बसते.

सर्वांत बोलका दाखला मात्र २००५ च्या रोजगार हमी कायद्यातला आहे. कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एका स्त्रीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला खोदकामाइतकीच मजुरी द्यावी, असे त्या कायद्याने सांगितले. मूल सांभाळणे म्हणजे माती उपसण्याइतकेच काम, हे तत्त्व देशाच्या कायद्यात लिहिले गेले. प्रत्यक्षात कितीदा पाळले जाते, हे ज्याचे त्याने जवळच्या कामावर जाऊन पाहावे.

तेव्हा कोळवण खोऱ्यासाठी जुळणी अशी करता येईल : आईने रोजाचा दहावा हिस्सा द्यावा, म्हणजे व्यवस्था तिची स्वतःची राहील आणि ती हक्काने विचारू शकेल. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या दहा टक्के निधीतून दुसऱ्या बाईचा रोज उचलावा. तो निधी शिलाई यंत्रे वाटण्यात किंवा वर्षअखेरीस घाईने संपवण्यात जातो, हे गावोगावचे चित्र आहे. उरलेला भार कारखानदारांनी आणि पुण्यातल्या कुटुंबांनी वाटून घ्यावा. पुण्यातल्या कुटुंबांना हे सांगण्याचे कारण आहे. शनिवार-रविवारी ज्या शेतघरांत ती कुटुंबे विसावतात, तिथली फरशी जी बाई पुसते तिचे मूल त्या वेळी कुठेतरी असतेच. तसेच पुण्यातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस यावे, निवृत्त बालवाडी शिक्षिकांनी निवडलेल्या दोघींना पंधरा दिवस शिकवावे : गुदमरलेल्या बाळाची पाठ कशी थोपटायची, ताप मोजायचा कसा, जलसंजीवनी कशी करायची, गाणी कोणती म्हणायची. गाणी त्यांना येत असतातच. ती म्हणायला लाज वाटू नये एवढेच सांगावे लागते.

बाई निवडताना एक पथ्य. सरपंचाची नातलग म्हणून कोणाला घेऊ नये. वाडीतल्या आयांनाच विचारावे, आपले मूल तुम्ही कोणाकडे निर्धास्त ठेवाल? दोन-तीन नावे लगेच पुढे येतात आणि बहुधा तीच योग्य असतात. त्यांतली एखादी विधवा किंवा परित्यक्ता असेल तर तिला घराजवळ मानाचे काम मिळेल; पण कीव म्हणून नव्हे, हात चांगला म्हणून तिची निवड व्हावी.

आणि वेळ. मृगाचा पाऊस पडला की खोऱ्यात कोणाला बोलायला सवड नसते. राब भाजून झाले, लग्नसराई ओसरू लागली की वैशाखात दोन-तीन आठवडे मोकळे मिळतात. घर ठरवणे, आडफळी बसवणे, लंगोट शिवणे, आयांची बैठक आणि बाळांचा रुळण्याचा आठवडा, एवढे सारे त्या अवधीत उरकले पाहिजे. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजेल तेव्हा वाडीतल्या चौथीतल्या मुलीची कमर मोकळी असली पाहिजे.